कार्तिकातले वाचन



काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाच्या फराळाला अक्षरांची जोड मिळाली. महाराष्ट्रात हे अंक दिवाळीपूर्वीच हाती पडतात. आपल्याकडे टपालाच्या कृपेने भाऊबीज उलटल्यावर! म्हणून आमचे वाचन कार्तिकात सुरू होते आणि देवदिवाळीला संपते.

यंदा सात अंक वाचले. आठवणी आणि प्रवासवर्णने यांनी मन भरले. कथांनी मात्र निराशा केली, हे सांगितलेच पाहिजे. संपादकांच्या मागणीवरून बेतलेली कथा तिसऱ्या परिच्छेदातच दमते. जाहिराती फार, पण त्यांच्याविना अंक निघणार कसा? (राशिभविष्य आमच्या घरी सर्वप्रथम वाचले जाते, हे येथेच राहू द्यावे.)

मुले थांबतात ती व्यंगचित्रांपाशी. शाळेत हिंदी असल्याने देवनागरी त्यांस परकी नाही. अडते ते शब्दांपाशी. 'वैताग' म्हणजे काय, हे समजावताना आम्हांस तीन वाक्ये लागली, आणि तेवढ्यात विनोद निघून गेला. तेव्हापासून रोज रात्री दोन पाने मोठ्याने वाचण्याचा परिपाठ ठेवला. एके रात्री कथा अर्ध्यावर थांबविली, तोच धाकटीने विचारले, "पुढे काय झालं?" प्रश्न मराठीत होता. ती कथा आम्हांस सामान्य वाटली होती. तिला वाटली नाही.

तो अंक मंडळाच्या ग्रंथालयाचा आहे. परतीची मुदत आठवडाभर वाढवून मिळावी, अशी ग्रंथपालांस या व्यासपीठावरून जाहीर विनंती.