उंदराचं पिल्लू आणि फिटची गोळी

पनवेलकरांना प्रयोगशाळेतला उंदीर परका नाही. आपल्याच तालुक्यात, खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या संस्थेत, कर्करोगाच्या संशोधनासाठी तो पाळला जातो. आज सांगतो ती हकिकत मात्र बर्लिनमधली, फिटच्या औषधांची.

2002 साली तिथल्या संशोधक पेट्रा बिटिगाऊ, इकोनोमिडू आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या पिल्लांना फेनिटोइन, फिनोबार्बिटोन, व्हॅल्प्रोएट ही रोजच्या वापरातली औषधं टोचली. पिल्लं जेमतेम आठवड्याची. दुसऱ्या दिवशी मेंदूचे पातळ काप काढून चांदीच्या क्षारानं रंगवले. मरणारी पेशी त्यात काळी उठून दिसते. औषध न दिलेल्या पिल्लांपेक्षा या पिल्लांत अशा काळ्या पेशी कितीतरी जास्त निघाल्या. आणि रक्तातली मात्रा? माणसाची फिट थांबवायला लागते, साधारण तेवढीच.

असं का व्हावं? वाढत्या मेंदूतल्या पेशी विजेच्या संकेतांनी एकमेकींना सतत हाका मारत असतात. जिला बराच वेळ हाक येत नाही, ती स्वतःला मोडीत काढते. फिटचं औषध तर हे संकेतच शांत करतं. जास्त वयाच्या पिल्लांत पेशींची ही पडझड कमी आढळली. उंदराचे जन्मानंतरचे पहिले दोन आठवडे म्हणजे आपल्या बाळाचे पोटातले शेवटचे महिने आणि पुढची दोन-तीन वर्षं, असा ढोबळ हिशेब आहे. संशोधकांच्या त्याच गटाला पुढे लेव्हेटिरासेटाम हे फिटचं दुसरं औषध दिलेल्या पिल्लांत अशी पडझड आढळली नाही. सगळ्या गोळ्या सारख्या नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं.

उंदरावरून माणसाचा निकाल लावता येत नाही. पण 2009 साली अमेरिका आणि ब्रिटनमधल्या अभ्यासात, गरोदरपणी व्हॅल्प्रोएट घेतलेल्या आयांच्या तीन वर्षांच्या मुलांचा बुद्ध्यंक लॅमोट्रिजिन हे फिटचं दुसरं औषध घेतलेल्या आयांच्या मुलांपेक्षा सरासरी 9 गुणांनी कमी भरला. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत 1998 पासून फिटचा आजार असलेल्या मातांची नोंद ठेवली जाते.

हे ऐकून आज रात्रीची गोळी कुणी चुकवू नका, ही हात जोडून विनंती. अचानक गोळी बंद केली तर फिटवर फिट येऊन जीवही जातो. फिट येणाऱ्या बहुतेक बायकांना धडधाकट मुलं होतात.

मला खरी काळजी लपवाछपवीची आहे. 1999 साली कायद्यानं फिटचा आजार लग्न मोडण्याच्या कारणांतून काढून टाकला, तरी स्थळ बघताना आपण तो लपवतोच. मग सून माहेरून आणलेली गोळी चोरून घेते आणि डॉक्टरांना दिवस गेल्यावरच कळतं. गोळी बदलायची तर जुनी हळूहळू कमी करत, नवी वाढवत न्यावी लागते. त्यात महिने जातात. फॉलिक अ‍ॅसिडही दिवस जाण्याआधीपासून सुरू हवं. आणि व्हॅल्प्रोएटचा एक मोठा धोका बाळाच्या मणक्याला असतो. तिथली मज्जानलिका गर्भधारणेपासून अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटलेली असते. पाळी चुकल्याचं लक्षात येऊन दवाखान्यात नंबर लावेपर्यंत ते दिवस बहुधा सरलेले असतात.