मग देव काय बोलला?



मागच्या भागात आपण घरच्या प्रार्थनेविषयी बोललो. त्यानंतर बऱ्याच आयांनी, आणि दोन-तीन बाबांनीही, एकच गोष्ट विचारली. मुलं लहान आहेत, कुणाचं चार वर्षांचं, कुणाचं सहा, त्यांना पवित्र शास्त्र कसं सांगायचं? चित्रांचं पुस्तक घ्यायचं का? वचनं पाठ करून घ्यायची का? किती वेळ बसवायचं?

किती वेळ, याचं उत्तर देऊन टाकतो. दहा मिनिटं. त्याच्यावर गेलात तर मूल तुमच्यासमोर बसलेलं असेल, पण ऐकत नसेल. चित्रांचं पुस्तक चांगलंच आहे, जरूर घ्या. बाकीचं मात्र मला माझ्या घरात घडलेल्या एका प्रसंगावरून सांगावं लागेल. तो प्रसंग मला फारसा शोभणारा नाही, तरी सांगतो.

मी आठ वर्षं संडे स्कूलमध्ये शिकवतोय. लहान शमुवेलाची गोष्ट तर दरवर्षी येते. आपल्या सगळ्यांना ती पाठ आहे. शिलो इथलं परमेश्वराचं मंदिर, म्हातारा याजक एली, त्याची नजर अधू झालेली. शमुवेल मंदिरात झोपलाय. त्याला हाक ऐकू येते, तो धावत एलीकडे जातो, एली म्हणतो, मी नाही रे हाक मारली, जाऊन झोप. असं तीनदा. मग एलीच्या लक्षात येतं की हाक कुणाची आहे, आणि तो पोराला काय उत्तर द्यायचं ते शिकवतो. चौथ्यांदा हाक येते आणि शमुवेल म्हणतो की मी ऐकतोय. इथे आपण थांबतो. मुलांनो, आपणही देवाचं ऐकायचं हं. गाणं, प्रार्थना, खाऊ.

लहान मुलांना ही गोष्ट फार आवडते, कारण तिच्यात धावाधाव आहे. आमच्या घरी तर नाटकच होतं. मुलगी शमुवेल, मी एली, पलंग म्हणजे मंदिर. ती उठून धावत येते, मी डोळे मिटूनच म्हणतो, "जा, झोप जा." तिसऱ्या वेळेपर्यंत ती हसून हसून लोळते. तुमच्याकडे चार-पाच वर्षांचं मूल असेल तर हे करून बघा, काही सामान लागत नाही.

तर एका रात्री हे नाटक झालं. पांघरूण घातलं, दिवा बंद केला, आणि अंधारात माझी सहा वर्षांची मुलगी म्हणाली, "पप्पा, मग देव काय बोलला?"

मला उत्तर आलं नाही.

म्हणजे बघा, आठ वर्षं मी मुलांना सांगतोय की शमुवेलाने ऐकलं, ऐकलं, ऐकलं. काय ऐकलं, ते मलाच आठवत नव्हतं. मी म्हटलं, "उशीर झालाय, झोप आता." म्हणजे खऱ्याखुऱ्या एलीसारखंच.

ती झोपल्यावर मी स्वयंपाकघरात बसून १ शमुवेल तिसरा अध्याय काढला. खरं सांगतो, कुणाला शिकवायचं नाही, कुठे बोलायचं नाही, असं असताना मी शास्त्र उघडल्याला कित्येक महिने झाले होते. शनिवारी रात्री मी वाचायचो, पण ते रविवारच्या तयारीसाठी. त्यात आणि स्वतःसाठी वाचण्यात काय फरक असतो ते त्या रात्री कळलं. तयारीला बसलेला माणूस मुलांना देण्याजोगं शोधतो आणि बाकीचं ओलांडून जातो. मी अकरावी ओवी आठ वर्षं ओलांडत आलो होतो.

अकरापासून पुढे काय आहे? देव त्या पोराला सांगतो की एलीच्या घराण्याचा न्याय होणार आहे. हफनी आणि फिनहास, एलीचे मुलगे, वाईट वागत होते. एलीला ते ठाऊक होतं, आणि त्याने त्यांना आवरलं नाही. ज्या म्हाताऱ्याने शमुवेलाला लहानाचं मोठं केलं, त्याच्याविषयीचा हा निरोप. शमुवेल सकाळपर्यंत पडून राहतो. उठून मंदिराची दारं उघडतो, रोजचं काम करतो, आणि एलीला सांगायला घाबरतो. मग एलीच त्याला मुला म्हणून जवळ बोलावतो आणि म्हणतो, काहीएक लपवू नकोस. पोरगं सगळं सांगतं. एली रागावत नाही. तो परमेश्वर आहे, त्याला बरं दिसेल ते तो करो, एवढ्याच अर्थाचं बोलतो.

त्या घराण्यातल्या बापाची चूक ज्या ओव्यांत लिहिली आहे, नेमक्या त्याच आपण बापलोक मुलांच्या गोष्टीतून गाळतो. मी तरी गाळत होतो.

आता प्रश्न असा की हे सहा वर्षांच्या मुलीला सांगायचं का? मी दोन दिवस विचार केला. माझं मत असं आहे: लहान मुलांना कमी सांगावं, पण खोटं सांगू नये. शास्ते या पुस्तकातले काही अध्याय मी आत्ता तिच्यासमोर उघडणार नाही, ते तिच्या वयाचे नाहीत. पण तिने सरळ प्रश्न विचारला आणि उत्तर त्याच पानावर आहे, तर ते तिला मिळायला हवं. मी म्हटलं, "देव म्हणाला की एलीआजोबांची मुलं वाईट वागतात आणि आजोबा त्यांना थांबवत नाहीत, त्यामुळे देवाला वाईट वाटलंय आणि तो शिक्षा करणार आहे."

"शमुवेलने सांगितलं आजोबांना?"

"आधी घाबरला. मग सांगितलं."

ती गप्प बसली. मला वाटलं, झालं, विषय संपला.

इथे घरची एक गोष्ट सांगायला हवी. माझी आई आमच्याबरोबर राहते. वय झालंय, ऐकायला कमी येतं, एकच गोष्ट चारदा विचारते. मी कंपनीतून दमून येतो आणि तिच्यावर खेकसतो. रोज नाही, पण खेकसतो. आणि माझा मोठा मुलगा, दहा वर्षांचा, अगदी माझ्याच आवाजात आजीला बोलायला लागला होता. "एकदा सांगितलं ना!" मी ते ऐकायचो. एकदा तर हसलोही होतो.

दोन-तीन दिवसांनी सकाळी मुलीला शाळेचे बूट घालत होतो. ती खाली बघतच म्हणाली, "पप्पा, दादा आजीला ओरडतो, तुम्ही त्याला काहीच बोलत नाही." आणि जरा थांबून, "तुम्ही पण ओरडता."

एली रागावला नाही, असं मी आत्ताच सांगितलं. मी रागावलो. म्हटलं, "मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नसतं," आणि बुटाची नाडी इतकी जोरात ओढली की ती "आई गं" म्हणाली. रिक्षावाले काका खाली हॉर्न वाजवत होते, ती गेली.

कंपनीत दिवसभर तो अध्याय डोक्यातून जाईना. ठाऊक होतं, आणि आवरलं नाही.

संध्याकाळी मी आधी मुलीला सांगितलं की सकाळी तू खरं बोललीस, मी चुकलो. मग मोठ्याला समोर बसवून त्याच्यादेखत आईची माफी मागितली. आईने ऐकलं की नाही कोण जाणे. म्हणाली, "बरं. ते राहू दे, आधी माझ्या चष्म्याची काडी बसवून आण, चार दिवस सांगतेय." तर मी आणि मुलगा दोघं जाऊन काडी बसवून आणली.

म्हणून मला जे विचारतात की मुलांना कसं शिकवू, त्यांना मी आधी विचारतो की तुम्ही स्वतः शेवटचं कधी वाचलं, कुणालाही न सांगण्यासाठी? अनुवाद सहाव्या अध्यायात मोशे लोकांना सांगतो की मुलांना या गोष्टी शिकवा, घरात बसताना, वाटेने चालताना, झोपताना, उठताना. ते सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच्या आधीची ओवी म्हणते की हे शब्द प्रथम तुझ्या स्वतःच्या मनात असावेत. क्रम बघा.

मी आता काय करतो, तर सकाळी चहाच्या आधी एक अध्याय, पूर्ण. तुकडा नाही. वहीत एकच ओळ लिहितो: मला न कळलेलं काय, किंवा मला न आवडलेलं काय. मुलांनी काही विचारलं आणि आलं नाही तर म्हणतो, "मला माहीत नाही, वाचून उद्या सांगतो." आणि उद्या सांगतो. हे दुसरं वाक्य पाळणं अवघड आहे. पण मुलं विसरत नाहीत.

भाषेचं म्हणाल तर जुनी मराठी मोठ्याने वाचताना मुलं अडखळतात, आपणही अडखळतो. त्यात कमीपणा नाही. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अख्ख्या बायबलचं भाषांतर करायला बसल्या, साध्यासुध्या बायकांनाही वाचून कळावं म्हणून. १९२२ साली त्या गेल्या, आयुष्याच्या शेवटापर्यंत ते काम चालू होतं. तेव्हा तुम्ही आधी वाचा आणि मग तुमच्या घरच्या बोलीत सांगा. "कोश" म्हणजे काय ते समजावत बसू नका, "देवाची पेटी" म्हटलं की चार वर्षांच्या मुलाला कळतं.

एका ताईंनी विचारलं होतं की हे सगळं केलं तर मुलं विश्वासात टिकतील ना? ताई, मी तसं वचन देऊ शकत नाही. त्याच पुस्तकात पुढे आठवा अध्याय वाचा. शमुवेल म्हातारा झाला, त्याचे मुलगे योएल आणि अबीया लाच घ्यायला लागले. ज्याने लहानपणी एलीला तो निरोप सांगितला, त्याच्याच घरी हे झालं. हे मी अजून मुलीला सांगितलेलं नाही. ती विचारेल तेव्हा बघू.

पुढच्या भागात योनाचं पुस्तक घेऊ. त्याला चारच अध्याय आहेत, तेव्हा सगळे वाचून या. माशापाशी थांबू नका. सलाम.