फुकटच्या शिक्षणाची किंमत

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



दूरशिक्षण आणि मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम यांविषयी मी बोलावं, असं मला सांगितलं आहे. नुसती माहिती द्यायची तर दहा मिनिटांत होईल. पण आधी एका ताईबद्दल सांगते.

ती आमच्या वस्तीतली. वय छत्तीस. आठवीनंतर धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहिली, मग लग्न. आता चार घरची धुणीभांडी करते. मुलगी दहावीला बसली तेव्हा हिनं मला विचारलं, "ताई, आता मला नाही का हो बसता येणार?" मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, मोठ्या उत्साहानं म्हटलं, "का नाही? सगळं घरबसल्या होतं, मोबाइलवर!"

त्या वाक्याची मला आज लाज वाटते. मोबाइल तिचा नव्हताच, नवऱ्याचा होता. ओटीपी यायचा तेव्हा तो फोन घेऊन रात्रपाळीला गेलेला. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं, आणि लग्नाची नोंदणी कधी झालेलीच नाही. ही दोन्ही नावं एकाच बाईची, हे सिद्ध करण्यात तिचे चार खाडे झाले, त्यांचे पैसे कापले गेले. तोवर फॉर्मची मुदत संपली. शिक्षण स्वस्त होतं. तिथपर्यंत पोचणं महाग पडलं.

म्हणजे सोयी नाहीत असं नाही. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ १९८५ साली निघालं, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून चौदा वर्षांपुढच्या कुणालाही दहावी करता येते. वयाला वरची मर्यादा नाही, मराठी माध्यम आहे, आणि सगळे विषय एकदम द्यावे लागत नाहीत. पाच वर्षांत जमतील तसे एकेक सोडवता येतात. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म तर आपल्यातल्या पुष्कळजणींनी कुणा ना कुणासाठी भरलेला असेल. २०१७ पासून केंद्र सरकारचा 'स्वयम्' आहे. त्यावर लेखाकर्मापासून मानसशास्त्रापर्यंत शेकडो विषय फुकट शिकता येतात. प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेचं शुल्क भरायचं. अडचण अशी, की त्यातला बराचसा भाग इंग्रजीत आहे.

नाशिकच्या विद्यापीठाचं ब्रीदवाक्य आहे, 'ज्ञानगंगा घरोघरी'. मला ते आवडतं. पण आपण बायकांनी एक प्रश्न विचारायला हवा. गंगा घरात आली, तर तिथं बाईला बसायला वेळ आहे का? २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका दिवसाचे २८९ मिनिटे त्यात घालवतात, आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे, असं दिसलं. दिवसाला तीन तासांहून जास्त फरक! एका विषयाचा अभ्यास त्यात आरामात होईल. फोनचंही तेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कधी तरी इंटरनेट वापरलेल्या बायका होत्या शंभरात ३३, पुरुष होते ५७. 'घरबसल्या शिका' हे वाक्य पुरुषाला सोय वाटतं. बाईच्या बाबतीत घर हेच तिचं कामाचं ठिकाण असतं. तिथं ती 'बसलेली' कधी असते?

म्हणून मला वाटतं, घरी एकटीनं शिकण्याची ही पद्धत आपण गटात आणायला हवी. आम्ही काय केलं ते सांगते.

पहिलं म्हणजे कागदांचा दिवस. प्रवेश सुरू होण्याआधी तीन महिने सगळ्याजणींचे दाखले, आधार, नावातला फरक, लग्नाची नोंदणी हे एकत्र तपासलं. एकेकटीनं खेटे घालण्यापेक्षा दहाजणी मिळून गेल्या तर खिडकीपलीकडचा माणूसही नीट बोलतो, हा अनुभव तुम्हालाही असेल.

दुसरं, नंबर आणि पासवर्ड बाईचा स्वतःचा. साधा फोन चालेल, ओटीपी त्यावरही येतो. पण सिम तिच्या नावाचं आणि तिच्याजवळ.

तिसरं, अभ्यासाची बैठक. आठवड्यातून दोनदा, दुपारी दोन तास, बालवाडीच्या खोलीत. एका फोनवर पाठ लावायचा, तो थांबवून मराठीत बोलायचं. घरी विचारलं तर "गटाची मीटिंग आहे" असं सांगता येतं. बचत गटाच्या मीटिंगला घरचे आता अडवत नाहीत, अभ्यासाला अजून अडवतात.

चौथं, फसवणुकीपासून सावध राहणं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत संस्था आणि अभ्यासक्रम दोन्ही आहेत का, हे पैसे भरण्याआधी पाहायचं. मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे आयोगानं २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. पण नर्सिंगसारख्या अभ्यासक्रमांना दूरशिक्षणाची परवानगीच नाही. 'घरबसल्या नर्स व्हा' अशी पत्रकं वस्तीत वाटली जातात, ती आपणच वाचून दाखवायला हवीत.

आणि शेवटचं, घरात बोलणं. भांडी कोण घासणार, हा प्रश्न अभ्यासक्रमात नसतो, पण पास-नापास त्यावरच ठरतं. त्या ताईच्या मुलीनं परीक्षेच्या महिन्यात रात्रीचा स्वयंपाक घेतला. मी म्हटलं, "मुलीनं का? मुलगाही आहे की घरात!" दुसऱ्या आठवड्यापासून पोळ्या मुलगी करायची, भांडी मुलगा. नवऱ्यानं काही केलं नाही, पण अडवलंही नाही. एवढंच घडलं, जास्त सांगत नाही.

पुढच्या वर्षी तिनं दोनच विषय दिले, मराठी आणि गृहविज्ञान. मराठी सुटला. गृहविज्ञान राहिला! आम्ही सगळ्या खूप हसलो, तीही हसली. म्हणाली, "जन्मभर तेच केलं, आणि त्यातच नापास!" आता पुन्हा बसते आहे.

तुमच्या गटातही अशी कुणी असेल. तिला "मोबाइलवर सगळं आहे" असं सांगून घरी पाठवू नका. तिचे कागद बघा, फोन कुणाच्या हातात आहे ते विचारा, आणि आठवड्याचे चार तास तिच्यासाठी राखून ठेवा.