पोराला व्हॅन, पोरीला अंगणवाडी
(नागभीड परिसरातल्या बायकांच्या बैठकीत केलेले भाषण)

बायांनो, जूनमध्ये गावात कॉन्व्हेंटची व्हॅन येते. तिच्यात कोण बसतं? भाऊ. बहीण चालत अंगणवाडीत. फी कशातून जाते? आपल्या रोवणीच्या मजुरीतून. शाळा ठरवताना मात्र आपल्याला कोणी विचारत नाही.

मला तर विचारलं होतं. तरी 'ती जाईल अंगणवाडीत' असं मीच म्हणाले. ते नवऱ्यावर कसं ढकलू?

पण अंगणवाडी म्हणजे उरलेल्यांची जागा, हे कोणी ठरवलं? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं. मुलं शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. बिया, पानं, शंख हेच साहित्य. आपल्या झाडीबोलीत गोष्ट ऐकणारं पोर मागे पडत नाही; न कळणारी इंग्रजी कविता घोकणारं मात्र गप्प होतं.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाचा. तीन ते सहाची पोरं बाहेरच राहिली. खाजगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांना राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये कात्री लावली, जुलैत उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. तेव्हा अर्ज भरा, आणि पोरीच्याही नावानं भरा.

रोवणीच्या दिवसांत आपण सकाळीच बांधीवर जातो. तेव्हा अंगणवाडीचं दार उघडं हवं. येत्या ग्रामसभेत हे कोण बोलणार? हात वर करा.