वळवाच्या दिवसांत

होळी झाली की आपल्या भिवंडी-पडघ्याकडे दुपार भाजते, पहाट मात्र गारच. मग एखाद्या संध्याकाळी ढग काळवंडतात आणि वळीव कोसळतो. २०२५ साली तर २६ मेलाच मान्सून मुंबईत पोचला. आमच्या गटाचे पापड अंगणातच भिजले; भट्टीवाल्यांच्या कच्च्या विटांचा चिखल झाला तो वेगळाच. पापड काय, पुन्हा लाटता येतात. वीज चमकली की सावकाश आकडे मोजा. तिसाच्या आत गडगडाट ऐकू आला तर शेत सोडून पक्क्या घरात या, आंब्याखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतरही अर्धा तास आतच बसा. पुण्याच्या मौसम विज्ञान संस्थेचं 'दामिनी' ॲप गटातल्या एकीच्या तरी मोबाईलवर असू द्या. इशारा आला की तिनं बाकीच्यांना हाक मारायची.