पिलाची पहिली शिदोरी

साल्मोनेला नावाचे जंतू कोंबडीच्या आतड्यात पुष्कळदा निमूटपणे नांदतात. कोंबडी धडधाकट दिसते. परंतु तिच्या मांसातून व अंड्यांतून ते माणसास बाधतात. मग ते ओळखावे आणि रोखावे कसे?

१९७३ साली फिनलंडमधील नुर्मी व रांटाला या संशोधकांनी याचे मर्म दाखविले. यंत्रात उबविलेल्या पिलास आईचा सहवास नसतो. त्याचे आतडे रिकाम्या घरासारखे असते; जो जंतू प्रथम येईल, तो तेथे ठाण मांडतो. त्यांनी निरोगी प्रौढ कोंबडीच्या आतड्यातील जंतू पिलांना दिले, तेव्हा साल्मोनेलास शिरकाव करणे अवघड झाले.

खाद्यात फॉर्मिक व प्रोपिऑनिक आम्ले मिसळण्याची रीतही आहे. कत्तलीपूर्वी खाद्य बंद केले, की भुकेली कोंबडी मळका भुसा टोचू लागते. त्या वेळी पाण्यातून दिलेले लॅक्टिक आम्ल तिच्या गळ्यातील अन्नपिशवीत जंतूंची संख्या घटविते.

प्रतिजैविकांच्या सततच्या माऱ्याने जंतू निर्ढावतात. म्हणून हे मार्ग मोलाचे. तथापि ते स्वच्छतेच्या जोडीला हवेत, तिच्या जागी नव्हेत. आणि अखेरची राखण स्वयंपाकघरातच: मांस व अंडे पुरते शिजवावे.