दुखतंय, पण लांब

मी मूळची साताऱ्याची. दिल्लीत जळीत वॉर्डात सिस्टर आहे. शहर दिवाळीची खरेदी करत असतं, तेव्हा आम्ही जादा खाटा आणि ड्रेसिंगचं सामान मोजत असतो. सफदरजंगच्या जळीत विभागात तर दरवर्षी दिवाळीची वेगळी तयारी करावी लागते.

भाजल्याचं दुखणं सगळ्यांना कळतं. ड्रेसिंगचं दुखणं वॉर्डाबाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. चिकटलेली पट्टी भिजवून सोडवायची, जखम धुवायची, मेलेली कातडी काढायची. आणि हे एकदाच नाही, कित्येक आठवडे चालतं. ट्रॉलीच्या चाकांचा आवाज आला की माणूस आक्रसतो. अजून कुणी हातही लावलेला नसतो. या धास्तीनं दुखणं वाढतं, अगदी खरोखर वाढतं.

सिएटलच्या हार्बरव्ह्यू बर्न सेंटरमध्ये हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनी 1996 च्या सुमारास नेमकं इथं काम सुरू केलं. दुखणं जाणवायला लक्ष लागतं, आणि लक्ष काही अमर्याद नसतं. मग ते दुसरीकडे गुंतवलं तर? त्यांच्या 'स्नोवर्ल्ड' या खेळात रुग्ण व्हीआर हेडसेट लावून बर्फाच्या दरीतून जातो, पेंग्विनवर बर्फाचे गोळे मारतो. इकडे नर्स पट्टी सोडवत असते. 2004 मध्ये निरोगी माणसांच्या पायाला सोसेल इतका चटका देऊन त्यांचे मेंदू तपासले गेले. व्हीआर चालू असताना दुखण्याशी संबंधित भाग खरोखर शांत झालेले दिसले.

आता, चेहराच भाजलेला असेल तर हेडसेट बांधणार कुठं? तिथल्या लोकांनी स्टँडवर तोललेला चष्मा बनवला. आपल्याकडच्या गर्दीच्या वॉर्डात ते अवघड. पण पॅटरसन संमोहनही वापरत, आणि त्याला लागतो फक्त आवाज. संमोहन म्हणजे स्टेजवर कांदा सफरचंद म्हणून खायला लावणं नव्हे! आपल्या देशाला हे नवीनही नाही. भूल देणारी औषधं यायच्या आधी, 1845 मध्ये, बंगालात हुगळीला डॉ. जेम्स एस्डेल रुग्णांना अशाच तंद्रीत नेऊन शस्त्रक्रिया करत होते.

रीतसर संमोहन हे प्रशिक्षित माणसाचं काम. मी त्यातलं थोडंसं उचललंय. बिहारच्या एका तरुणाला मी विचारलं, "भैया, गाँव में नदी है?" होती. म्हटलं, डोळे मिटा आणि मला घाटावरून नावेत बसवून पलीकडे न्या. तो सांगत गेला, पाणी किती गार, नावाडी कोण, काठावर काय पेरलंय. मी पट्टी भिजवत गेले. दोनदा कण्हला. नंतर म्हणाला, "दर्द था, सिस्टर, पर दूर था."

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगते. हे सगळं औषधासोबत, औषधाऐवजी नाही. मॉर्फिन म्हटलं की नातेवाईक व्यसनाच्या भीतीनं हात जोडतात. वैद्यकीय वापरासाठी ते मिळणं सोपं व्हावं म्हणून 2014 मध्ये कायदा बदलला, मनातली भीती काही बदलली नाही. बर्फ दाखवतोय म्हणून कुणी इंजेक्शन वाचवायला लागलं, तर तो रुग्णावर अन्याय आहे.

आणि नातेवाइकांनो, खाटेजवळ उभं राहून "काही होणार नाही" म्हणू नका. होणार असतं, आणि त्याला ते माहीत असतं. इंजेक्शन लागू व्हायला काही मिनिटं जातात. तेवढ्या वेळात त्याला त्याच्या शेताबद्दल, शाळेबद्दल विचारा. ट्रॉली मी दाराबाहेरच थांबवते.